बाष्पित्राचे स्फोट आणि ऊष्मागतिकी

बंद पात्रात पाण्यास उष्णता देऊन वातावरणीय दाबाहून अधिक दाबाची वाफ निर्माण करणाऱ्या साधनास बाष्पित्र (बॉयलर, शासकीय परिभाषेत बाष्पक) म्हणतात. असे पात्र दाबाखाली असताना अकस्मात फुटून त्यातील वाफ व तप्त पाणी प्रचंड वेगाने बाहेर पडणे म्हणजे बाष्पित्राचा स्फोट होय. एकोणिसाव्या शतकात यूरोप व अमेरिका येथील कारखान्यांत, खाणींत आणि विशेषतः आगबोटींवर अशा स्फोटांनी हजारो माणसे मृत्युमुखी पडली. उष्णता व यांत्रिक कार्य यांच्या परस्परसंबंधांचे शास्त्र म्हणजे ऊष्मागतिकी. ते याच शतकात व याच यंत्राच्या अभ्यासातून उदयास आले. शास्त्राचा इतिहास आणि अपघातांविरुद्ध शासनाने केलेल्या तरतुदींचा इतिहास हे सामान्यतः निरनिराळ्या ग्रंथांतून सांगितले जातात. तथापि दोहोंचे धागे अनेक ठिकाणी एकमेकांत गुंतलेले आहेत. स्फोटाचे कारण गूढ मानले जात होते तोवर त्याची जबाबदारी कोणावरच टाकता येत नव्हती. हे गूढ दूर होऊन स्फोटाची शक्ती आकड्यांत मांडता येऊ लागल्यावरच कायद्याला खरा आधार मिळाला.

प्रारंभीची यंत्रे : फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ यांनी १६७९ मध्ये हाडे शिजविण्यासाठी घट्ट झाकणाचे एक पात्र तयार केले. दाब वाढून पात्र फुटू नये म्हणून त्यावर वजनाने दाबून धरलेली एक झडप बसविलेली होती. सुरक्षा झडपेचा हा आद्य नमुना असून आजच्या स्वयंपाकघरातील दाबपात्राची (प्रेशर कुकरची) शिट्टी हिचेच कार्य करते. टॉमस सेव्हरी यांनी १६९८ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेल्या पंपात वातावरणीय दाबाहून अधिक दाबाची वाफ वापरावी लागे आणि त्या काळचे डाख दिलेले सांधे तो दाब सहन करू शकत नसत. टॉमस न्यूकोमेन यांच्या १७१२ च्या एंजिनाने ही अडचण टाळली. त्यात वाफेचे काम सिलिंडर भरण्याचे असे. ती थंड होऊन निर्वात झाला म्हणजे बाहेरील हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकली. अशा एंजिनाचे बाष्पित्र जवळजवळ वातावरणीय दाबावरच चालत असल्याने ते फुटले, तरी हानी मर्यादित राही. जेम्स वॉट यांनी वेगळ्या संघनकाची योजना करून (एकस्व १७६९) इंधनाची फार मोठी बचत केली. परंतु तेही कमी दाबालाच चिकटून राहिले. उच्च दाब धोक्याचा आहे, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांचे एकस्व १८०० पर्यंत अंमलात असल्याने तोवर या मताला बाजारपेठेचेही पाठबळ होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

उच्च दाबाचे युग : वॉट यांचे एकस्व संपताच इंग्लंडमध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक व अमेरिकेत ऑलिव्हर एव्हान्स यांनी कित्येक वातावरणे इतक्या दाबावर चालणारी एंजिने बनविण्यास प्रारंभ केला. ही एंजिने लहान, हलकी व स्वस्त होती. संघनक आणि त्याला लागणारे थंड पाणी यांवाचून ती चालत. त्यामुळे ती गाड्यांवर व बोटींवर बसविणे शक्य झाले. ८ सप्टेंबर १८०३ रोजी ग्रिनिच येथे पाणी उपसण्यासाठी बसविलेल्या ट्रेव्हिथिक यांच्या एंजिनाच्या बाष्पित्राचा स्फोट होऊन चार माणसे ठार झाली. एंजिनावर नेमलेला मुलगा जागेवर नव्हता आणि दुसऱ्याच माणसाने सुरक्षा झडप मोकळी न करता एंजिन थांबविले, असे ट्रेव्हिथिक यांचे म्हणणे होते. प्रतिस्पर्ध्यांनी या अपघाताचा भरपूर गाजावाजा केला. ट्रेव्हिथिक यांनी मात्र त्यातून दोन उपाय काढले : एकाऐवजी दोन सुरक्षा झडपा, त्यांपैकी एक चालकाच्या हाती लागणार नाही अशी; आणि अग्निपेटीच्या वरच्या बाजूस शिशाची गुडदी. पाण्याची पातळी धोकादायक मर्यादेखाली गेली की गुडदी वितळते व वाफ आगीवर सुटून चालकास सूचना मिळते. हे दोन्ही उपाय पुढे सर्व देशांच्या नियमांत या ना त्या रूपाने आले.

एप्रिल १८१७ मध्ये नॉरिच येथे प्रवासी आगबोटीचे बाष्पित्र फुटल्यावर ब्रिटिश पार्लमेंटने चौकशी समिती नेमली. बाष्पित्र ओतीव लोखंडाऐवजी घडीव लोखंडाचे वा तांब्याचे असावे, त्याची जादा दाबाखाली परीक्षा व्हावी, त्यावर दोन सुरक्षा झडपा असाव्यात व त्यांपैकी एक कुलूपबंद असावी, अशा समितीच्या शिफारशी होत्या. त्या समंजस होत्या व आजही त्यांत दोष काढता येणार नाही. परंतु त्यांचे कायद्यात रूपांतर झाले नाही. मालकाच्या कारखान्यात डोकावण्याचा अधिकार शासनाला नाही, ही त्या काळातील दृढ समजूत याच्या मुळाशी होती.

फ्रान्स आणि कार्नो : फ्रान्समध्ये परिस्थिती वेगळी होती. तेथे शासनाच्या सेवेत उत्तम गणित शिकलेल्या अभियंत्यांचा वर्ग होता आणि उद्योगावर देखरेख करणे हे शासनाचे कामच मानले जाई. ऑक्टोबर १८२३ मधील राजाज्ञेनुसार २ वातावरणांहून अधिक दाबावर चालणाऱ्या यंत्रांसाठी परवाना, कार्यकारी दाबाच्या कित्येक पट दाबाखाली पाण्याने परीक्षा, दोन सुरक्षा झडपा आणि ठराविक तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूच्या चकत्या आवश्यक ठरविण्यात आल्या. येथे एक अनपेक्षित अडचण पुढे आली. चकती कोणत्या तापमानाला वितळली पाहिजे, हे ठरविण्यासाठी त्या दाबाच्या वाफेचे तापमान माहीत असावयास हवे. आणि उच्च दाबाच्या वाफेविषयी विश्वसनीय आकडे कोणाजवळही नव्हते. शासनाने अकादमीला विचारणा केली. प्येअर द्यूलाँ व फ्रांस्वा आरागो यांनी पॅरिसमधील एका विद्यालयाच्या जुन्या मनोऱ्यात काचेच्या नळ्या एकावर एक जोडून पाऱ्याचा उंच स्तंभ उभारला, त्यावरून दाबमापक प्रमाणित केले आणि नंतर २४ वातावरणांपर्यंत वाफेचा दाब व तापमान यांचा संबंध मोजला. बाष्पित्र कोणत्याही क्षणी फुटेल, अशा परिस्थितीत केलेले हे प्रयोग १८२९ च्या सुमारास पूर्ण झाले. कायदा आधी व त्याला लागणारे शास्त्र नंतर, असा हा उलटा क्रम आहे.

राजाज्ञेनंतरच्या वर्षी, १८२४ मध्ये, सादी कार्नो या तरुण लष्करी अभियंत्याची अग्नीच्या चालकशक्तीविषयीची छोटी पुस्तिका पॅरिस येथे प्रसिद्ध झाली. उष्णता हा एक अविनाशी द्रव आहे, या त्या काळच्या चुकीच्या कल्पनेवर तिची मांडणी आधारलेली होती. तरीही तिचा मुख्य निष्कर्ष टिकून राहिला. उष्णतेपासून कार्य मिळण्यासाठी दोन निरनिराळी तापमाने असावी लागतात आणि मिळणाऱ्या कार्याची कमाल मर्यादा केवळ या दोन तापमानांवर अवलंबून असते, एंजिनात वापरलेल्या पदार्थावर नव्हे, असा हा निष्कर्ष होय. आजच्या परिभाषेत ही मर्यादा सहज मांडता येते. संघनकाचे तापमान ४०° से. धरल्यास १००° से. च्या वाफेवर चालणाऱ्या आदर्श एंजिनाची कार्यक्षमता सुमारे १६ टक्के येते, १८०° से. च्या वाफेवर ती सुमारे ३१ टक्के होते. उच्च दाबाच्या एंजिनांना कोळसा कमी का लागतो, याचे खरे कारण कार्नो यांनी प्रथम सांगितले : दाब हा स्वतः लाभदायक नसून त्याबरोबर येणारे उच्च तापमान लाभदायक आहे.

परंतु पाण्याच्या बाबतीत ही दोन्ही एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. संपृक्त वाफेचे तापमान १००° से. असताना दाब १ वातावरण असतो, १८०° से. ला तो सुमारे १० वातावरणे व २१२° से. ला सुमारे २० वातावरणे होतो. म्हणजे कार्यक्षमतेच्या प्रत्येक पायरीबरोबर बाष्पित्राच्या पत्र्यावरील ताण त्याहून कितीतरी वेगाने वाढतो. कार्नो यांना याची जाणीव होती. पुस्तिकेच्या अखेरीस त्यांनी स्पष्ट केले आहे, की इंधनाची बचत हा यंत्राचा एकच गुण होय आणि सुरक्षितता, मजबुती व टिकाऊपणा यांपुढे तो पुष्कळदा दुय्यम मानावा लागतो. ऊष्मागतिकीच्या इतिहासात हा परिच्छेद क्वचितच उल्लेखिला जातो. कार्नो १८३२ मध्ये पटकीने वारले, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. त्यांची पुस्तिका जवळजवळ दुर्लक्षित राहिली. एमील क्लापेरॉन यांनी १८३४ मध्ये तिला गणिती रूप दिले म्हणूनच ती पुढील पिढीला माहीत झाली. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८४५ मध्ये पॅरिसमधील पुस्तकविक्रेत्यांकडे ती शोधली, पण त्यांना तिची एकही प्रत मिळाली नाही.

त्याच वेळी टॉमसन आंरी व्हीक्तॉर रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. वाफ एंजिनांच्या गणितास लागणारे स्थिरांक निश्चित करण्याचे काम फ्रान्सच्या सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाने रेन्यो यांच्याकडे सोपविले होते. त्यांची वाफेची कोष्टके १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली. कार्नो यांच्या सिद्धांताची पडताळणी करताना टॉमसन यांनी १८४९ मध्ये हेच आकडे वापरले.

अमेरिकेतील आगबोटी : मिसिसिपी व ओहायओ या नद्यांवरील आगबोटी उच्च दाबाच्या एंजिनांवर चालत. लाकूड स्वस्त होते, नद्या उथळ होत्या व वेगाची चढाओढ होती. शर्यतीत पुढे जाण्यासाठी सुरक्षा झडपेवर जादा वजन ठेवण्याचे प्रकार सर्रास घडत. १८३० मध्ये मेम्फिस येथे ‘हेलन मग्रेगर’ या बोटीच्या स्फोटात अनेकांचे प्राण गेल्यावर फिलाडेल्फिया येथील फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटने स्फोटांच्या कारणांचा शोध घेण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या प्रयोगांसाठी केंद्र शासनाच्या कोषागाराने पैसे दिले. अमेरिकी केंद्र शासनाने तांत्रिक संशोधनाला दिलेले हे पहिले अनुदान मानले जाते. अलेक्झांडर डॅलस बेश यांच्या नेतृत्वाखालील या समितीने १८३६ मध्ये आपला अहवाल सादर केला.

समितीपुढील खरा प्रश्न लोखंडाचा नव्हता, तर समजुतींचा होता. बाष्पित्राच्या तापून लाल झालेल्या पत्र्यावर पाण्याचे विघटन होते, हायड्रोजन वायू निर्माण होतो व तो पेट घेतो, असे अनेकांचे मत होते. काहींनी विजेला कारण मानले. सुरक्षा झडप मोकळी असताना व दाब नेहमीचाच असताना स्फोट झाला, अशा साक्षी वारंवार दिल्या जात. त्यामुळे काहीतरी अनाकलनीय शक्ती अकस्मात उत्पन्न होत असली पाहिजे, असे सुशिक्षितांनाही वाटे. अशा उपपत्ती मालकांना व कप्तानांना फार सोयीच्या होत्या. कारण अनाकलनीय असेल तर दोषही कोणाचाच ठरत नाही आणि प्रेतांची संख्या हा ईश्वरी कोप ठरतो. समितीने काच बसविलेल्या लहान बाष्पित्रात आतील उकळणे प्रत्यक्ष पाहिले. विघटनाने ज्वालाग्राही वायू बनत नाही, हे दाखवून दिले. लोखंडाची व तांब्याची पात्रे दाब सावकाश वाढवून मुद्दाम फोडली आणि एवढ्यानेही भयंकर स्फोट होतो, हे सिद्ध केले. तापमान वाढले की पत्र्यांचे बळ किती घटते, याची मोजणी करण्यात आली. फ्रान्समधील नियमांत विश्वासार्ह मानलेल्या मिश्रधातूच्या चकत्यांतील एक दोषही समितीला आढळला : दाबाखाली मिश्रधातूतील लवकर वितळणारा भाग आधी बाहेर पिळला जातो व उरलेला भाग अपेक्षित तापमानाला वितळतच नाही.

अहवाल तयार असूनही काँग्रेसने कायदा केला तो २५ एप्रिल १८३८ रोजी सिनसिनाटीजवळ ‘मोझेल’ ही बोट फुटून सुमारे दीडशे माणसे दगावल्यानंतर. जुलै १८३८ च्या या कायद्याने तपासणी आवश्यक केली. परंतु तपासनीसाची पात्रता, परीक्षेची पद्धत व दाबाची मर्यादा यांविषयी तो जवळजवळ मूक होता. जिल्हा न्यायाधीशांनी नेमलेल्या तपासनीसाला बाष्पित्राच्या आकारमानानुसार नव्हे, तर दाखल्यामागे शुल्क मिळे. तेव्हा दाखला सहसा नाकारला जात नसे, यात नवल नाही. स्फोट चालूच राहिले. ऑगस्ट १८५२ च्या दुसऱ्या कायद्याने मात्र समितीच्या बहुतेक शिफारशी उचलल्या. पाण्याच्या दाबाखाली परीक्षा, कार्यकारी दाबाची कमाल मर्यादा, पत्र्यांचा दर्जा, अभियंते व सुकाणूवाले यांना परवाने आणि त्यांवर देखरेख करणारे प्रशिक्षित निरीक्षक, अशी व्यवस्था प्रथमच निर्माण झाली. प्रवासी बोटींवरील बळींची संख्या यानंतर स्पष्टपणे घटली. खाजगी मालमत्तेच्या वापरावर केंद्र शासनाने तांत्रिक नियम घालून देण्याचा अमेरिकेतील हा पहिला महत्त्वाचा प्रसंग होय.

यंत्रणा उभी राहिली म्हणजे अपघात थांबतातच असे नाही. २७ एप्रिल १८६५ रोजी मेम्फिसजवळ ‘सुलताना’ या बोटीची बाष्पित्रे फुटली. पावणेचारशे माणसांची क्षमता असलेल्या या बोटीवर यादवी युद्धातून सुटलेल्या सैनिकांसह दोन हजारांहून अधिक लोक होते. त्यांतील अकराशेहून अधिक मृत्यू पावले. गळक्या बाष्पित्रावर प्रवासातच मूळ पत्र्याहून पातळ असे ठिगळ घाईघाईने लावलेले होते.

मँचेस्टर : ब्रिटनमध्ये पुढाकार घेतला तो शासनाने नव्हे, तर उद्योजक अभियंत्यांनी. विल्यम फेअरबेर्न हे मँचेस्टर येथील प्रख्यात कारखानदार होते. दोन आडव्या अग्निनळ्या असलेले लँकाशर बाष्पित्र त्यांनी १८४४ मध्ये प्रचारात आणले. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या परिसरातील उंच धुरांड्यांखाली पुढे अनेक दशके हाच प्रकार नांदत होता. बाहेरून दाब आल्यावर लांब नळ्या आखूड नळ्यांपेक्षा कितीतरी लवकर चेपल्या जातात, हे त्यांनी १८५८ मध्ये प्रयोगांनी दाखविले आणि नळ्यांना ठराविक अंतरावर बळकटी देणारी कडी बसविण्याची प्रथा सुरू झाली. १८५४ मध्ये त्यांच्याच प्रेरणेने बाष्पित्रांचे स्फोट टाळण्यासाठी कारखानदारांचा संघ मँचेस्टर येथे स्थापन झाला. संघाच्या निरीक्षकांनी वर्षानुवर्षे फुटलेल्या बाष्पित्रांचे तुकडे तपासले. त्यांचे निदान साधे व निष्ठुर होते : गंजून झिजलेले पत्रे, क्षारांचा थर साचून तापलेल्या नळ्या, अडकलेल्या झडपा, सदोष रचना. गूढ असे काही नव्हते.

याच शहरात जेम्स प्रेस्कट जूल हे मद्याच्या भट्टीचे मालक उष्णतेचे यांत्रिक तुल्यांक मोजत होते. उष्णता हा पदार्थ नसून ऊर्जेचाच एक प्रकार आहे, हे त्यांच्या १८४३ ते १८५० मधील प्रयोगांनी प्रस्थापित केले. त्यानंतर रूडोल्फ क्लॉसियस (१८५०) व टॉमसन (१८५१) यांनी कार्नो यांचा निष्कर्ष आणि जूल यांचा शोध यांची सांगड घातली व ऊष्मागतिकीचे दोन नियम सिद्ध झाले. याविषयी लिहिताना जूल यांचे एक छोटे काम सहसा गाळले जाते. १८६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी बाष्पित्राच्या परीक्षेची एक सोपी रीत सुचविली : बाष्पित्र पाण्याने काठोकाठ भरावे, सर्व झडपा बंद कराव्यात व खाली आग पेटवावी. पाणी उकळण्याच्या कितीतरी आधीच प्रसरण पावून दाब वाढवू लागते. पात्र फुटलेच, तर वाफ नसल्याने ते नुसते गळते. पंप नसलेल्या लहान कारखानदारालाही ही परीक्षा घेता येई. १८६० मध्येच फेअरबेर्न व टॉमस टेट यांनी संपृक्त वाफेची घनता मोजली व ती नव्या सिद्धांतावरून काढलेल्या मूल्यांशी जुळली. सिद्धांत मांडणारे व बाष्पित्रे बांधणारे एकमेकांच्या इतके निकट पुन्हा क्वचितच आले असतील.

तप्त पाण्यातील ऊर्जा : स्फोट इतका विध्वंसक का होतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ऊर्जेची संकल्पना रुजल्यावरच मिळाले. बाष्पित्रातील वाफेचा साठा थोडा असतो. तो एकदम सुटला तरी अवजड पात्र शेकडो मीटर दूर फेकले जाणे व इमारत कोसळणे यांचा हिशेब लागत नसे. गूढ उपपत्तींना थारा मिळाला तो येथेच. झेरा कोलबर्न यांनी १८६० मध्ये स्फोटाचे टप्पे विशद केले. प्रथम कमकुवत जागी चीर पडते. वाफ निसटून दाब एकदम उतरतो. त्या दाबाच्या मानाने पाणी आता अतितप्त ठरते आणि त्यातील काही भागाचे सर्व आकारमानभर एकाच वेळी वाफेत रूपांतर होते. म्हणजे विध्वंस घडवून आणते ते मुख्यतः पाणी. १८६३ मध्ये ब्रिटिश राजज्योतिषी जॉर्ज बिडेल एअरी यांनी याला आकड्यांचे रूप दिले : चौ. इंचास ६० पौंड दाबाखालील एक घनफूट पाण्याची विध्वंसक ऊर्जा एक पौंड बंदुकीच्या दारूइतकी असते. त्याच वर्षी विल्यम रँकिन यांनी ऊष्मागतिकीच्या सूत्रांवरून अशीच गणना केली.

आजच्या कोष्टकांवरून हा हिशेब पडताळून पाहता येतो. १० वातावरणे दाबाचे, १८०° से. तापमानाचे १ किग्रॅ. पाणी वातावरणीय दाबापर्यंत एकाएकी प्रसरण पावले, तर त्याच्या सु. १४ टक्के भागाची वाफ होते, एकूण घनफळ सु. २०० पटींनी वाढते आणि सु. ५५ हजार जूल इतके कार्य मोकळे होते. म्हणजेच असे १ घन मी. पाणी सु. ५ कोटी जूल ऊर्जा सोडते; एवढ्या ऊर्जेने १०० टन वजन ५० मी. उंच उचलले जाईल. याच दाबाच्या १ घन मी. वाफेतून मात्र १८ लाख जूलांच्या आतच ऊर्जा मिळते. जुन्या पद्धतीच्या मोठ्या बाष्पित्रात अनेक घन मी. पाणी साठविलेले असे, हे लक्षात घेतल्यास हायड्रोजन किंवा वीज यांची गरज उरत नाही. सुरक्षा झडप मोकळी असताना व दाब नेहमीचाच असताना स्फोट झाला, ही साक्षीदारांची विधानेही खोटी नव्हती. पत्रा झिजलेला असेल, तर नेहमीचा दाबच पुरेसा होतो.

या निष्कर्षाचे दोन परिणाम झाले. पाण्याचा साठा लहान लहान नळ्यांत विभागावा म्हणजे एक नळी फुटली तरी सर्व ऊर्जा एकदम सुटणार नाही, हा विचार बळावला; १८६७ मध्ये एकस्व मिळालेले बॅबकॉक व विल्कॉक्स यांचे जलनलिका बाष्पित्र याच दिशेने गेले. दुसरा परिणाम न्यायालयातील होता. नेहमीचा दाब व झिजलेला पत्रा एवढ्यानेच स्फोट होत असेल, तर पत्रा तपासणे हे कोणाचे तरी कर्तव्य ठरते. ब्रिटनमध्ये १८८२ च्या कायद्याने प्रत्येक स्फोटाची वर्दी देणे बंधनकारक झाले व शासनाला चौकशीचा अधिकार मिळाला. तपासणी सक्तीची करण्यास मात्र तेथील अभियंत्यांतही विरोध होता; शासकीय दाखला मिळाला की मालक निर्धास्त होतो, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेतील १८३८ नंतरच्या अनुभवाने ते अगदीच निराधार ठरत नाही. कारखान्यांतील बाष्पित्रांची ठराविक मुदतीने तपासणी ब्रिटनमध्ये १९०१ मध्ये सक्तीची झाली. दरम्यानच्या काळात विमा कंपन्यांनी ही उणीव बरीच भरून काढली. नुकसान भरून द्यावयाचे असल्याने त्यांचे निरीक्षक शासकीय निरीक्षकांहून अधिक कडक असत.

अमेरिकेत जमिनीवरील बाष्पित्रे १८५२ च्या कायद्याबाहेर राहिली होती. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅचूसेट्समधील ब्रॉक्टन येथील पादत्राणांच्या कारखान्यात स्फोट व आग यांत ५८ कामगार मेले. एकावर एक चढविलेल्या पत्र्यांच्या सांध्यात, बाहेरून वा आतून दिसणार नाही अशा जागी, चीर वाढत गेली होती. दोन वर्षांनी त्या राज्याने तपशीलवार नियम केले आणि त्यांवरून अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने १९१४ मध्ये सिद्ध केलेली संहिता आज अनेक देशांत प्रमाण मानली जाते.

भारत : भारतात या कायद्यांचा प्रारंभ कलकत्ता (कोलकाता) येथून झाला. १८६३ मध्ये तेथे एका गंभीर स्फोटात प्राणहानी झाली व १८६४ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने शहर व उपनगरे यांतील बाष्पित्रांच्या तपासणीचा कायदा केला. मुंबईसह इतर प्रांतांनी नंतर आपापले कायदे केले. त्यांच्यात मेळ नव्हता. एका प्रांतात योग्य ठरलेले बाष्पित्र दुसऱ्या प्रांतात अयोग्य ठरे. १९२० मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून भारतीय बाष्पित्र अधिनियम, १९२३ संमत झाला. नोंदणी, ठराविक मुदतीचा दाखला, अनुज्ञेय कमाल दाब व अपघाताची २४ तासांत वर्दी ही त्याची प्रमुख अंगे होत. रचना व साहित्य यांविषयीचे सविस्तर विनियम १९५० मध्ये करण्यात आले. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी राज्याचे बाष्पके संचालनालय करते. २००७ च्या दुरुस्तीने शासकीय निरीक्षकांखेरीज मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थांनाही तपासणीचा अधिकार मिळाला. २०२५ मध्ये संसदेने १९२३ चा अधिनियम रद्द करून त्याजागी नवा अधिनियम संमत केला.

आधुनिक औष्णिक विद्युत् केंद्रांतील बाष्पित्रे २२१ बार या क्रांतिक दाबाच्याही वर चालतात; तेथे पाणी व वाफ हा भेदच उरत नाही आणि जाड भिंतींच्या पिंपातील तप्त पाण्याचा मोठा साठाही नसतो. धोका मात्र आगीच्या बाजूला सरकला आहे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार येथील केंद्रात भट्टीत साचलेल्या राखेच्या ढिगाऱ्यामुळे तप्त वायूंचा दाब वाढून झालेल्या दुर्घटनेत चाळीसहून अधिक माणसे दगावली. वृत्तपत्रांनी तिला बाष्पित्राचा स्फोट म्हटले, तरी फुटली ती भट्टीची बाजू. दाबाखालील पाण्याचे पात्र नव्हे. लहान उद्योगांतील, भातगिरण्यांतील व रंगप्रक्रियेच्या कारखान्यांतील बाष्पित्रांत मात्र आजही जुन्याच प्रकारे पाणी साठविलेले असते, आणि त्यांच्या बाबतीत एअरी यांचा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो.